पप्पा बाहेर गेल्यावर

५ सप्टेंबर, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. बोलताना सुचलेलं वाया जाऊ नये म्हणून. थोडक्यात लिहायचं, असा संकल्प.

आपली मुलगी धम्मशीला आर्टिस्ट झाली, त्याचं पहिलं फळ आज पाहिलं. मागच्या बेडरूममध्ये तिनं आईची, म्हणजे विशाखाची, पेटी स्क्रूड्रायव्हरनं उघडली. नागपूरहून आणलेली पेटी! इथं बर्मिंगहॅममध्येच, डिगबेथच्या एका गॅलरीत तिचं साउंड इन्स्टॉलेशन करणार म्हणे. वाद्य फोडण्याआधी घरात विचारावं, एवढीच माझी अपेक्षा. तिनं विशाखाला विचारलं होतं. पेटी विशाखाची, त्यामुळे टेक्निकली बरोबर. मीही संमती दिली. कुणी मागितली नव्हती, तरी दिली.

संकल्प दुसरा: उद्घाटनाचं भाषण मीच करणार.

८ सप्टेंबर, ट्रेनमध्ये
मुद्दा सापडला. पेटी म्हणजे वाद्यांमधली बहिष्कृत. एके काळी रेडिओवर तिला चक्क बंदी होती! अंगावर काटा आला. शेजारच्या बाईंना सगळा इतिहास सांगितला. त्या युनिव्हर्सिटी स्टेशनला उतरल्या. एरवी न्यू स्ट्रीटपर्यंत येतात.

रात्री शेवटचं वाक्यही सुचलं: ‘ज्यांना आवाज नाही, त्यांचा आवाज व्हा!’ विशाखाला ऐकवायला किचनमध्ये गेलो. ती काहीतरी गुणगुणत होती, मला पाहून थांबली. वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, वरण उतू जाऊन राहिलं, सरका.

१४ सप्टेंबर
घरामागच्या काचेच्या खोलीत, कंझर्व्हेटरीत, डेमो. पेटीचं झाकण काढलेलं, आतले सूर उघडे, भात्याला छोटी मोटर, पट्ट्या दाबायला खटके, बाजूला माइक. धम्मशीला म्हणाली, हात न लावता वाजेल, फक्त बसा. बसलो. वाजली नाही. का वाजत नसावी, हे बँकेतल्या सर्व्हरच्या अनुभवावरून तिला समजावलं. चहा निवला. तरी नाही. ती म्हणाली, पप्पा, तुमची एक्सप्लेनेशन संपला की वाजेल. तिचं व्याकरण तिथंच सुधारून दिलं. इथं जन्मलेल्या पोरांवर मेहनत घ्यावी लागते. विशाखा उगाच हसत होती.

२० सप्टेंबर
कलाकृतीचं नाव आज कळलं. ‘व्हेन पप्पा इज आउट’. डोळे भरून आले. मी एजवेअरला, ग्लासगोला व्याख्यानांना जातो, तेव्हा हे घर किती सुनं होत असेल! आणि मी वेडा समजत होतो, की कुणाला काही वाटत नाही. विशाखाला म्हटलं, एवढं जाणवत होतं तर बोलायचंस. ती म्हणाली, मधात फट सापडली असती तर बोलली असती.

भाषणात विरहावर दोन पानं वाढवली.

२६ सप्टेंबर, ओपनिंग
क्युरेटर फिओनाबाईंनी ‘अ फ्यू वर्ड्स’ बोलायला सांगितलं होतं. फ्यू ही सापेक्ष कल्पना आहे. दणदणीत बोललो. लोक इतके भारावले, की काही जणांना उभं राहवेना, भिंतीला टेकले.

पेटी मात्र मुकी. या देशातलं वायरिंग!

मग पार्किंगचा वेळ वाढवायला बाहेर गेलो. मशिन कार्ड घेईना. परत आलो तर लोक डोळे पुसतायत. विहाराचा सेक्रेटरी पद्माकर धावत आला, म्हणाला, भाऊ, काय वाजली पेटी! विचारलं, कधी? म्हणाला, तुम्ही बाहेर गेल्या गेल्या. निव्वळ योगायोग.

फिओनाबाई म्हणाल्या, असं ओपनिंग त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. पुढच्या ओपनिंगलाही मलाच बोलावतील बहुधा.

२७ सप्टेंबर
भिंतीवरचा मजकूर वाचायला पुन्हा गेलो. काल त्याच्यासमोर मीच उभा असल्यानं कुणालाच वाचता आला नव्हता. लिहिलंय, की खोलीत थोडा वेळ माणसाचा आवाज नसला, की पेटी वाजू लागते. कुणी बोललं, की भाता मिटतो.

एवढंच? विहारात दर रविवारी ध्यान मीच घेतो. गप्प बसण्यात बर्मिंगहॅममध्ये माझ्याएवढी प्रॅक्टिस कुणाची नसेल. पद्माकरला तसं म्हटलं. तो म्हणाला, भाऊ, गप्प आम्ही असतो, तुम्ही बोलत असता. त्याला काय कळणार, ध्यानात सूचना द्याव्या लागतात.

४ ऑक्टोबर
पहिला प्रयत्न. गॅलरीतल्या बाकावर डोळे मिटून बसलो. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी हळूच विचारलं, हे चालू आहे का? उत्तर न देणं हा असंस्कृतपणा. गप्प बसलं की चालू होतं, हे त्यांना सांगितलं. मग गप्प का बसायचं, ते सांगितलं. ओघात रेडिओवरची बंदीही आली. आजोबा श्रवणयंत्र काढून खिशात ठेवून निघून गेले. बॅटरी संपली असावी.

७ ऑक्टोबर
दुसरा प्रयत्न. तोंडात मिंट धरून बसलो. भाता हलल्यासारखा वाटला आणि पद्माकरचा फोन. रविवारच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाचा क्रम विचारत होता. क्रम ठरलेला आहे: माझं भाषण, मग विशाखाचा पाळणा. पाळणा दर वर्षी वेळेअभावी रद्द करावा लागतो, कारण हॉल पाचला रिकामा करून द्यायचा असतो. पद्माकर चाचरत म्हणाला, यंदा पाळणा आधी घेऊ का? वहिनींनी तीनदा विचारलंय. चकित झालो. मला एकदाही नाही विचारलं. हॉलच्या अन्यायकारक वेळांवर त्याच्याशी बोललो. तिथंच.

११ ऑक्टोबर, प्रदर्शनाचा शेवटचा दिवस
वाजली!

आधी भाता हलला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. मग एक सूर, मग दुसरा. चाल ओळखली. विशाखाचा पाळणा. भीमाच्या जन्माचा, तिच्या आईनं रचलेला. पहिली ओळ मला पाठ आहे. दुसरी आज पहिल्यांदाच ऐकली. घरी ती म्हणायला लागली, की पहिल्या ओळीवरून मला नेहमी एखादा मुद्दा सुचतो. दुसऱ्या ओळीत सूर हळूहळू उतरतो, बाळ निजल्यावर खोलीतून कुणी उलट्या पावलांनी बाहेर यावं तसा.

मी म्हणालो, वा!

भाता मिटला. बाकावरच्या दोन बायका माझ्याकडे बघू लागल्या. चांगल्या सुराला दाद देणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, हे त्यांना समजावलं. ते संपेपर्यंत गॅलरी बंद झाली.

धम्मशीलानं मोटर काढून पेटी पुन्हा जोडली. विशाखानं घरी आल्यावर पट्ट्या कापडानं पुसल्या. मी पाहत होतो. तिनं विचारलं, काय झालं, बरं नाही का?

संकल्प: उद्या माझं भाषण नाही. फक्त पाळणा. पूर्ण. हे मी केलंच पाहिजे.

१२ ऑक्टोबर, रविवार
उभा राहिलो तो फक्त एवढं सांगायला, की आज मी बोलणार नाही. पण का बोलणार नाही, हे सांगितलं नसतं तर लोकांचा गैरसमज झाला असता. तथागतांच्या मौनापासून सुरुवात केली. मौन ही कशी क्रांती आहे, ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठी वक्त्यानं जागा कशी सोडली पाहिजे. असा बोललो, की आयुष्यात तसा कधी बोललो नव्हतो. शेवटी ‘म्हणून आज बोलेल ती फक्त पेटी!’ असं म्हणून हात केला.

हाताच्या दिशेला केअरटेकर किल्ल्या वाजवत उभा. पाच वाजून गेलेले. विशाखा पेटीची कडी लावत होती. टाळ्या बऱ्याच पडल्या. तिनंही वाजवल्या.

गाडीत कुणी बोललं नाही. मीसुद्धा. बऱ्याच वेळानं मागून धम्मशीला म्हणाली, पप्पा, तुमचा मौन खूप लांब होती. व्याकरण सुधारलं नाही.

घरी आल्यावर विशाखा म्हणाली, दूध संपलं, घेऊन या. मी फ्रिज उघडून दोन भरलेल्या बाटल्या दाखवल्या. म्हणाली, तिसरी आणा.

गेलो. कोपऱ्यावर पाकीट विसरल्याचं लक्षात आलं, परत फिरलो. दाराशी पोचलो तर आत पेटी. आणि तिचा आवाज. किल्ली खिशातच ठेवली.

पाऊस भुरभुरत होता. शेजारचा केविन कचऱ्याचा बिन बाहेर काढत होता. म्हणाला, लॉक्ड आउट, राज? मी फक्त मान हलवली.

पाळण्याला चार कडवी आहेत. तिसऱ्याला तोंडाशी ‘वा’ आलं. जॅकेटची कॉलर दातात धरली. शेवटपर्यंत सोडली नाही.

दूध राहिलंच. विशाखानं विचारलंही नाही.

उद्या घरात काय संपणार आहे, ते सकाळीच विचारून ठेवतो.