हरणी मोटार आणि इतर किरकोळ मालमत्ता

मी, त्रिवेणी आबासाहेब सोळंके, वय वर्षे एकोणसाठ, राहणार बरकतपुरा, हैदराबाद, येत्या गुरुवारी हृदयाच्या ऑपरेशनसाठी भरती होत असल्याने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास आमच्या भाजीवाल्याला विचारावे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छातीही झालेली नाही.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव माझा एकुलता एक मुलगा ओमकार यास मिळावी. तो कॉम्प्युटरवाला असून अमेरिकेला निघाला आहे. मराठी वाचायचा त्याला कंटाळा, म्हणून हे कलम पहिले घेतले. पाचवे त्याने कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

कलम २. पाटल्या व मोहनमाळ होणाऱ्या सुनेस. ती कोण हे ओमकारला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही.

कलम ३. आमच्या मलकपेठच्या बंद मोटार कारखान्यातील पाने, जॅक व वेल्डिंगचे मशीन तिथल्या जुन्या कामगारांनी वाटून घ्यावे. भांडू नये. भांडायचे ते मालकांनी भांडून झाले आहे.

कलम ४. आता मुद्द्याचे. घरामागच्या शेडमधली लाल मोटार, नाव हरणी, कागदोपत्री माझ्या मालकीची आहे. माझे यजमान कै. आबासाहेब व माझा धाकटा भाऊ हिम्मतराव या दोन शहाण्यांनी ती १९९२ साली बनवली. बाहेरून फायबरची चकचकीत बॉडी, पोटात साध्या गाडीचे इंजिन, बसायला दोनच सीट. देशाची दारे उघडली, आता आपली स्पोर्ट्स कार जगभर पळणार, असे दोघे ताटावर बसून बोलत आणि माझ्या भाकरी गार होत.

नुमाइशीत, म्हणजे आमच्या हैदराबादच्या मोठ्या प्रदर्शनात, ती मांडली तेव्हा ही गर्दी! नाव वाचून एकाने विचारले, “कित्ता दूध देती साब?” पण ऑर्डरी आल्या, पेपरात फोटोही आला. पहिले गिऱ्हाईक एक नवरदेव. वरातीत पावलापावलाने चालवल्यावर इंजिन उकळले. पाणी मिळेना, तेव्हा हिम्मतने पाहुण्यांचे लिंबू सरबत रेडिएटरमध्ये ओतले. नवरदेव वेळेवर पोचला. मुंग्या महिनाभर हटल्या नाहीत.

पुढे घात झाला तो सीटवरून. जो येई तो म्हणे, “सब ठीक है साब, अम्मी कां बैठतीं?” आपली माणसेही तसलीच. सासूबाई कुठे, पोरे कुठे, गव्हाचे पोते कुठे? आबासाहेबांचा स्वभाव भिडस्त. पुढच्या गाड्यांना त्यांनी मागे सीट लावली. डोके लागते म्हणून टप उंच केला. गतिरोधकाला पोट घासते म्हणून गाडीच उंच केली. शेवटी वर कॅरिअर! हिम्मत भर कारखान्यात ओरडला, “दाजी, हरणीची म्हैस केलीत तुम्ही!” आबासाहेब म्हणाले, “म्हैस विकली तरी जाते.” पण तीही विकली गेली नाही. तोवर हिमायतनगरात परदेशी गाड्यांची काचेची शोरूम उघडली, आत गार हवा, वर हप्त्याची सोय. आमच्या कारखान्याला कुलूप लागले.

हिम्मत त्या भांडणानंतर घरी आला नाही. मागच्या वर्षी आबासाहेब गेले तेव्हा फाटकापर्यंत आला आणि मी हाक मारायच्या आत परत फिरला. त्याचा राग माझ्याजवळ शिल्लक आहे. तो मी कोणाच्याही नावे करत नाही.

कलम ५. ओमकारने हरणी एका हॉटेलवाल्याला द्यायचे ठरवले आहे. तो इंजिन काढून बॉनेटखाली सॅलड मांडणार आहे म्हणे! “आई, निदान लोकांना दिसत तरी राहील.” मी म्हटले, “उद्या मलाही पेंढा भरून दारात उभी कर.” हरणी चालली पाहिजे. तिच्यात काकडी ठेवणाऱ्याला माझा तळतळाट लागेल. तिचे नखरे कळणारा एकच माणूस उरला आहे आणि तो नेमका माझा गाढव भाऊ आहे. सबब, हरणी हिम्मतरावास द्यावी.

कलम ६. वरचे कलम लिहिताना मला रडू आले, तेही नोंदवते. इतकी वर्षे मोटार माझ्या नावावर आणि मी तिच्यात एकदाही बसलेली नाही. एका सीटवर नवरा, दुसऱ्या सीटवर भाऊ. “पुढच्या खेपेला तू,” असे दोघेही म्हणत. मेल्यावर ती कोणाकडे जायची ते जाईल. मला गुरुवारच्या आत तिच्यात बसायचे आहे. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटले आहे, मोटारीचे काही बोलले नाहीत.

म्हणून आज हिम्मतला साक्षीदाराची सही हवी असा निरोप धाडला. नुसते ये म्हटले असते तर आला नसता. आला. केस पांढरे झालेत मेल्याचे. “अक्का, सही कुठं करू?” मृत्युपत्र तपासायला आलेले वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला न राहिलेले बरे. मी म्हटले, “सही नक्को. गाडी काढ.” मग तो बराच वेळ गाडीखाली होता आणि वकीलसाहेब त्याला पाने देत होते. इंजिन लागले तसे त्याने डावीकडचे दार उघडले. “दाजी बसायचे तिथं बस,” म्हणाला. मी बसले आणि हे कलम मांडीवर कागद घेऊन पुरे केले.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून खाली सही केली आहे.

साक्षीदार :
१. नामदेवराव टेकाळे, शेजारी. माझ्या खिडकीशी उभे राहून.
२. सावित्रीबाई मुदगलकर, शेजारीण. मोटारीसमोर उभ्या राहून. सही होताच त्यांनी बाजूला व्हावे.

स्थळ : बरकतपुरा, हैदराबाद
दिनांक : १४ नोव्हेंबर १९९९

(सही) त्रिवेणी आबासाहेब सोळंके

खुलासा : सही वाकडी आली आहे. आईचा हात थरथरत होता असे उद्या कोणी कोर्टात म्हणेल. हात थरथरत नव्हता. मोटार सुरू होती.