आखूड कार्बाइन आणि विकतचा हॅम

पाइन लिक, मिसुरी
नोव्हेंबरचा पहिला रविवार

माझ्या बायकोचे थोरले बंधू, मोठ्या रायफलींचे आजन्म कैवारी, आदरणीय डेल्मर प्रुइट यांना व्हर्नन हॅस्केटचा टोपी काढून नमस्कार.

(वयाचा मान इथे संपला. टोपी पुन्हा डोक्यावर. पुढे नेहमीसारखं ‘तू’.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तू डॉक्टरच बदललास, असं तुझी आर्लीन फोनवर सांगत होती. उत्तम केलंस. इकडे सगळं ठीक. कोंबड्या अंडी देताहेत, कुत्रा ठार बहिरा झाल्यापासून बंदुकीच्या आवाजाला घाबरत नाही (उशिरा का होईना, प्रुइटांच्या घरात शोभायला लागला), आणि माझ्या बायकोचा, म्हणजे तुझ्या डोरीनचा, खांदा इथल्या डॉक्टरांच्या मते पूर्ण बरा आहे. धक्का देणारी बंदूक सोडून तिने काहीही करावं, असं ते म्हणाले. म्हणजे काय करावं? ते बाहेरगावचे आहेत, त्यांना तुमचं घराणं माहीत नाही. यंदा थँक्सगिव्हिंगला तुमच्या टल्सातून हॅम आणू का, असं आर्लीनने विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते अजून माझ्याच हातात आलेलं नाही.

आता मूळ विषय. गेले सहा महिने तू मला फोनवर एकच प्रश्न विचारतोयस, की पिस्तुलाची गोळी उडवणारी आखूड रायफल, म्हणजे कार्बाइन, शहाण्या माणसाने घ्यावी का. (प्रश्न म्हणून विचारत नाहीस, हसत विचारतोस.) पहिल्या दिवशी तू म्हणालास, ‘पिस्तुलाने रायफलीचा कोट चढवला म्हणून ते रायफल होतं का रे?’ आणि तुझ्याच विनोदावर इतका हसलास की आर्लीनने तुला पाणी आणून दिल्याचा आवाज मी ऐकला. तर ऐक. माझं मत ठाम आहे. घ्यावी. अवश्य घ्यावी. अंगाने आखूड, वजनाला हलकी, दाणकन आवाज नाही, खांद्याला धक्का नाही. काडतुसं स्वस्त, त्यामुळे माणूस मन लावून सराव करतो आणि तुझ्यासारखं वर्षातून एकदा बार काढून उरलेलं वर्ष त्याच्या गप्पा मारत नाही. शिवाय काडतुसांचं जे मॅगझीन पिस्तुलात बसतं तेच हिच्यात बसतं. एकाच डब्यात दोघांचं जेवण. हरीण लांबून मारता येत नाही, हे तुझं म्हणणं मान्य. (‘हरीण नुसतं मान वर करून बघेल,’ हे तुझे शब्द.) पण खुराड्यामागचा अंडीचोर रॅकून लांब नसतो आणि गावच्या आगीच्या बंबखान्यामागच्या मैदानात नेमासाठी उभ्या केलेल्या लोखंडी पट्ट्याही लांब नसतात.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. तुमच्या घरात थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर विकतचा हॅम कधी आला नव्हता. आधी तुझ्या वडिलांनी, मग डोरीनने, आदल्या शनिवारी बंबखान्याच्या नेमबाजीत डुकराची ती धुरावलेली मांडी जिंकायची आणि पिठाच्या पोत्यात घालून खांद्यावरून घरी आणायची, हा तुमचा कुळाचार. मी लग्न करून आलो तेव्हा तुझ्या आईने मला पहिला प्रश्न नोकरीबद्दल विचारला नाही, नेमाबद्दल विचारला. (उत्तर ऐकून ती म्हणाली, ‘असू दे, पोरगी आहे ना आमची.’) डोरीनच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं आम्ही हॅम दुकानातून आणतोय. डोरीनने वडिलांची रायफल तेल लावून कपाटात गोधड्यांमागे उभी केली. सरावाच्या दिवशी ती माझ्याबरोबर मैदानावर येते, पण पिकअपमध्ये बसून शब्दकोडं सोडवते, आणि काच वर केलेली असते. मागच्या वर्षी मी शहाणपणा करून हॅमवरची दुकानाची जाळी काढली आणि तो जुन्या पिठाच्या पोत्यात घातला. तुला आठवत असेल, तिने तो सगळ्यांना वाढला आणि स्वतः बटाटे खाल्ले. तू तेवढा म्हणालास, ‘मीठ जरा जास्त आहे.’ डेल्मर, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. बायको समोर बसलेली असताना घरात नसल्यासारखी वाटावी, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

असो. वसंतात मी कार्बाइन घेतली, माझ्यासाठी. आणि तिची उपयुक्तता एका पहाटे लगेच सिद्ध झाली, म्हणजे जवळजवळ झाली. उजाडत होतं. खुराड्यामागच्या मातीच्या बांधावर रॅकून बसला होता, तोंडाला अंडं लागलेलं, चेहरा आपल्या माजी महापौरांसारखा तृप्त. मी पिकअपच्या आडोशाला गेलो, कोपर बॉनेटवर टेकलं, नेम धरायच्या लाल ठिपक्याच्या काचेतून पाहिलं. ठिपका बरोबर रॅकूनच्या छातीवर. इतका स्वच्छ नेम मी आयुष्यात धरला नव्हता. घोडा ओढला. रॅकूनने माझ्याकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं आणि तो सावकाश निघून गेला. घाई करायचं त्याला काही कारण नव्हतं.

डोरीन झगा सावरत ओसरीवर आली. म्हणाली, ‘लागला का?’

मी म्हटलं, ‘लागला.’

‘कुणाला?’

मग तिने जवळ येऊन बॉनेटच्या भोकात करंगळी घातली. तुला सांगायला नको, पण आर्लीन हे पत्र वाचणार म्हणून सांगतो: या बंदुकीवर काच असते वर आणि नळी असते तिच्या चांगली तीन-चार बोटं खाली. डोळ्याला बॉनेटपलीकडचं सगळं मोकळं दिसतं आणि नळीच्या तोंडासमोर असतं बॉनेट. आपल्याकडे दर वर्षी कुणीतरी एक शहाणा आपलीच गाडी अशी मारतो, आणि मी त्या शहाण्याला नेहमी सगळ्यांत मोठ्याने हसत आलोय. डोरीन ओसरीच्या पायरीवर बसून हसली. पोट धरून, डोळे पुसत. ‘अरे, नळी आधी बघायची, मग डोळा,’ म्हणाली, ‘बाबांनी मला सात वर्षांची असताना शिकवलंय हे.’ माझी गाडी वाफ सोडत उभी होती आणि मला वाटत होतं, हवं तर रेडिएटरलाही एक भोक पाडतो, तू फक्त हस. (ते पडलेलंच होतं.) पण हसून झाल्यावर ती कार्बाइनकडे न बघता आत गेली.

सप्टेंबरात मैदानावर सरावाचा सामना झाला. मी सहाच्या सहा पट्ट्या पाडल्या, एकही गोळी वाया न घालवता. दुर्दैवाने त्या शेजारच्या रांगेतल्या, गेलॉर्ड टिमन्सच्या होत्या. त्याने तोवर बंदूकही उचलली नव्हती, पण नियम म्हणजे नियम, ज्याच्या पट्ट्या पडल्या तो जिंकला. त्याने टोपी काढून लोकांना अभिवादन केलं आणि बक्षिसाची कॉफीची किटली घरी नेली. पिकअपची काच हळूच खाली आली, एवढं मी पाहिलं.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. मी तो स्वयंपाकघरात टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता. डोरीन सफरचंदं सोलत होती. आणि तू म्हणालास, ‘व्हर्नन, ते बायकांचं खेळणं आहे. ज्यांना खरं हत्यार पेलवत नाही त्यांनी घ्यावं आणि खुशाल डबे वाजवावेत.’ सुरी थांबली. सालाची लांब पट्टी तशीच लोंबत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन बसलो होतो आणि गोठ्यामागून आवाज आला. टण्. मग थोडं थांबून, टण्. मग न थांबता टण् टण् टण्. मी उठलो नाही. खिडकीशीही गेलो नाही. कॉफी शर्टावर सांडली तीही पुसली नाही. तेव्हापासून ती रोज जाते. एकाच डब्यातल्या दोघांच्या जेवणाचं म्हणशील, तर सगळी मॅगझिनं तिने पळवली आहेत आणि माझं पिस्तूल ड्रॉवरमध्ये उपाशी पडलंय. बंबखान्यात तिने हॅमच्या शनिवारच्या सामन्यासाठी नावही दिलं. पण परवा जेवताना म्हणाली, ‘गोठ्यामागे ठीक आहे रे. लोकांसमोर नाही जमायचं. त्या दिवशी सकाळी बघू, नाहीतर नाव काढून घेऊ.’ मी म्हटलं, तुला हवं तसं. आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. ती शनिवारी पुन्हा पिकअपमध्ये बसली, तर मला वाटतं ती काच पुन्हा खाली यायची नाही.

म्हणून कार्बाइनबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते तू तुझ्या टल्सातल्या मित्रांनाही खुशाल ऐकव. घोडामैदान जवळच आहे.

आर्लीनला नमस्कार. गुडघ्यावर शेक घे.

तुझा
व्हर्नन

ता. क. तुझ्या-माझ्यात म्हणून सांगतो: तुझे सगळे आक्षेप बरोबर आहेत. मी एकटा असतो तर ही वस्तू फुकटसुद्धा घेतली नसती. पण ‘ही हलकी आहे, तुझ्या खांद्याला झेपेल’ असं मी डोरीनला म्हटलं असतं, तर तिने ती तळ्यात फेकली असती आणि मागोमाग मला. म्हणून माझ्यासाठी घेतली आणि सगळा उन्हाळा तिच्यासमोर मन लावून चुकत राहिलो. सगळं नाटक होतं. (बॉनेट सोडून. ते मनापासूनचं होतं. गेलॉर्डच्या पट्ट्यांबद्दल माझं मलाच नक्की सांगता येत नाही.)

ता. क. दुसरा. खरं काम हे. तुम्ही दोघं बुधवारी येणार होतात, त्याऐवजी आदल्या शुक्रवारीच या. शनिवारी सकाळी न्याहारीला, ती अंडी वाढत असताना, तू ते ‘बायकांचं खेळणं’ पुन्हा म्हण. अगदी त्याच शब्दांत आणि तसाच हस. माझ्या समजावण्याने तिने आजवर काही केलेलं नाही, तुझ्या चिडवण्याने ती पोहायला शिकली, गाडी शिकली आणि (तुझ्याच म्हणण्याप्रमाणे) माझ्याशी लग्न केलं. एवढं कर. आयुष्यभर तुझा ऋणी राहीन आणि कार्बाइनला नावं ठेवायला तुला मोकळीक देईन.

ता. क. तिसरा, डोरीनच्या हातचा. डेल्मर, व्हर्ननने पाकीट चिकटवायला माझ्याचकडे दिलंय, कारण तिकिटं माझ्या ड्रॉवरमध्ये असतात. तो आयुष्यात पहिल्यांदाच काही लपवतोय, तेव्हा त्याला माफ कर. कार्बाइन घरी आली त्या दिवशीच मी हातात घेऊन पाहिली होती. खांद्याला टेकवायचा दस्ता लांब-आखूड करता येतो, तो सगळ्यांत आखूड खाचेवर बसवलेला. व्हर्ननचे हात तुला ठाऊक आहेत, कुठल्याच शर्टाच्या बाह्या पुरत नाहीत. तो दस्ता माझ्या मापाचा होता. कुणासाठी आणली आहे ते मला तेव्हाच कळलं, पण इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी इतका वाईट नेम मारतंय हे बघायला बरं वाटत होतं, म्हणून थोडं चालू दिलं.

शुक्रवारी या. न्याहारीला हवं तेवढं हस, माझं काही बिघडत नाही. आर्लीनला सांग, येताना भोपळ्याचा तो गोड ‘पम्पकिन पाय’ आण. हॅम आणू नका.