आत्याचं काम

प्रिय रुचिर,

तू पाठवलेल्या फोटोंना मी उत्तर दिलं नाही. तुला लेक झाल्यापासून एकदाही आइंडहोवनला आले नाही. तुम्ही दोघांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि खरं सांगू, त्या समजूतदारपणाचाच मला जास्त राग येत होता. लहानपणी माझ्या वेण्या ओढणारा मुलगा इतका शहाणा कधी झाला?

तुझ्या सुबोधभावोजींनी मला इथे ग्रोनिंगनमध्येच मानसोपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. बाई डच, पण शिकल्या जपानमध्ये. मोरिता नावाची पद्धत आहे. मी रुमालांसकट तयारीने गेले होते. बाईंनी दुःखाबद्दल फारसं विचारलंच नाही. सकाळपासून काय काय केलं, एवढंच विचारलं. माझा अगदी तिळपापड झाला. माझं बाळ पोटातच गेलं, आणि ह्यांना मी भांडी घासली का ते हवंय!

पण दर वेळी तेच. मन आपलं ऐकत नाही, हात ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. दुःखाला हाकलत बसायचं नाही, समोरचं काम करायचं. मग मी सायकलचं पंक्चर काढलं. बाल्कनीतल्या कुंड्यांची माती बदलली. बरं वाटलं नाही, पण कुंड्या झाल्या. परवा आईने पाठवलेली झबली बाहेर काढली. अपूर्वाला आणि मला एकदमच दिवस गेले म्हणून तिने दोघींना सारखीच शिवून पाठवली होती ना, ती. धुतली, वाळत घातली. सगळा वेळ रडत होते. रडू थांबायची वाट पाहिली असती तर ती कधीच धुतली गेली नसती.

काल आईकडून कळलं की तुम्ही अजून बारसं केलेलं नाही. नगरपालिकेच्या ऑफिसात नाव लगेच नोंदवावंच लागतं, म्हणजे कागदावर तिला नाव आहे. पण घरी तुम्ही तिला नुसतं बाळ म्हणता. कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्याला बरं वाटेपर्यंत थांबायचं, असं अपूर्वाने ठरवलंय म्हणे. रुचिर, मला इतक्यात बरं वाटणार नाहीये. ती शाळेत जायला लागेल तरी कदाचित नाही. तेवढं थांबू नका. मी येत्या रविवारी येते. पाळण्याशी वाकले की मला रडू येईल. तेव्हा कोणी सावरायला धावू नका, मला तिच्या कानात बोलायचं असेल. फक्त एक कळव, म्हणजे ट्रेनमध्ये मला घोकता येईल. काय नाव ठेवलंत रे तिचं?

तुझीच,
उत्तराताई