एका बिल्ल्यावर दोघं

५ जाने. ६४, रवि. अमरावती
पहिला वर्ग झाला. अकोल्याहून सकाळची पॅसेंजर, बडनेऱ्याला उतरून शटल, तिथून पायी. शाळेच्या बाकांवर एकवीस माणसं, सगळी मॅट्रिकच्या वरची. मी एकटा सातवी. गिरणीच्या लेबर साहेबांनी पत्र दिलं म्हणून घेतला. शिकवणारे वकील आहेत, त्यांना सर म्हणायचं. हजेरीत सगळ्यांची नावं वाचली, माझं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आणि हे गिरणीचं पत्र." सगळे हसले. मीपण हसलो.
विषय कामगार व्यवस्थापन. दर रविवारी, एक वर्ष. पास झालो तर लेबर साहेबांच्या खोलीत दुसरी खुर्ची रिकामी आहे. पंख्याखाली.
नियम: ज्यांच्या पत्रावर आलो त्यांना दर महिन्याला प्रगती कळवतील, चांगलं लिखाण सोबत जोडून. वहीत उतरवून घेतलं.

८ जाने. अकोला
सकाळी भोंग्याआधी टाइम ऑफिसच्या खिडकीत बसलो. मागे फळीवर पितळी बिल्ले, नंबरवार. माणूस नंबर सांगतो, मी बिल्ला देतो, सुटताना परत घेतो. झाली हजेरी. फाटकाबाहेर बदलीवाले उभे, गैरहजर माणसाच्या जागी दिवसभराचं काम मिळेल म्हणून. मुकादमाने चार उचलले. एकजण हात जोडून मागे मागे आला. मुकादम म्हणाला, "तुहे हात जोडलेलेच बरे. कामाले काई येत नाईत." मी हसलो. हसलो नाही तर मुकादम माझ्याकडे वळतो.
२१२ ला आज पुन्हा गुलाब आला. दिला.

९ जाने.
काल अर्धवट राहिलं. २१२ श्रावणभाऊचा, कार्डिंग खातं, कापूस पिंजायचं. सहा महिने झाले छाती धरून. कापसाची धूळ गेली आत, ती निघत नाही. ज्या दिवशी उठवतं त्या दिवशी तो स्वतः येतो, नाही तर धाकटा गुलाब त्याच्या बिल्ल्यावर. खाडा पडला तर नाव कटते म्हणून. गुलाबचं नाव गिरणीत कुठेच नाही. तोंडं सारखी, धुळीत तर अजूनच. मुकादमाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, कारण दोन्ही वेळा जेवतो त्यांच्याच घरी. नांदगावहून आलो तेव्हा अंथरूण टाकायला जागा याच घराने दिली, आणि खिडकीपर्यंत हात धरून श्रावणभाऊनेच आणलं.
सुरुवातीला कौसल्यावहिनी म्हणाली होती, "तू काई करू नको किसन. फक्त वर पाहू नको."
तेवढंच करतो.

१२ जाने., रवि.
वर्गात 'मले वाटते' म्हणून सुरू केलं. पुढचं कोणी ऐकलं नाही. म्युनिसिपालटीतला एक इन्स्पेक्टर आहे, सुटेपर्यंत 'मले वाटते, मले वाटते' करत होता. शटलमध्येही माझ्यासमोरच बसला.

१९ जाने., रवि.
आजचं चांगलं कळलं. सर म्हणाले, चूक मालकाच्या माणसाला माहीत असून तो चालू देतो, तर मालकाने माफ केली असं धरतात. पुढे त्याच चुकीवरून कामगाराला काढता येत नाही. इन्स्पेक्टरने विचारलं, मालकाचा माणूस म्हणजे मॅनेजर ना? सर म्हणाले, फाटकावर हजेरी घेणारा कारकूनसुद्धा.
सगळे माझ्याकडे वळले. मी मालकाचा माणूस. बडनेऱ्यापर्यंत छाती फुगलेली.

२२ जाने.
गिरणीत फळ्यावर यादी लागली, बिनाखाड्याचं बक्षीस. कार्डिंग खात्यात पहिला: २१२. रोगी माणूस पहिला! जेवताना वहिनी म्हणे, "आता बक्षीस घ्याले कोन जाईन, दोघातून?" गुलाब म्हणे, अर्धं अर्धं जाऊ, कमरेपर्यंत दादा, खाली मी. श्रावणभाऊ हसला, हसता हसता खोकला लागला, भिंत धरली. मग कोणी हसलं नाही.
नंतर मला म्हणतो, "शीक. साहेब झाला का मले बसाचं काम दे."
गुलाब म्हणे, "थो काय देईन? थो तं खिडकीतून मुंडकंबी काढत नाई."

२ फेब्रु., रवि.
घरचा अभ्यास दिला. हजेरीवर एक खरं उदाहरण, आपल्याच कामाच्या जागेवरचं. पुस्तकातलं चालणार नाही. नावं काढून टाकायची, बाकी खरं ठेवायचं.
मायचं पत्र आलं आहे. दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. गावात सांगते म्हणे, पोरगा साहेबीचं शिकून राहिला.

६ फेब्रु.
मॅट्रिकवाले बोलतील एक आणि उतरवतील पुस्तकातलंच. माझ्याकडे पुस्तक नाही. माझ्याकडे २१२ आहे.

७ फेब्रु.
चार पानं झाली. एवढं सलग आयुष्यात लिहिलं नाही. हात दुखतो पण थांबवत नाही. नाव नाही, नंबर नाही, 'क्ष' लिहिलं. ज्याचा एकही खाडा नाही तोच खात्यात सगळ्यात आजारी, हे कसं, इथून सुरुवात केली. भाऊ भावाच्या जागी उभा राहतो, मुकादम पाठ फिरवतो. तो खोकताना डाव्या हाताने भिंत धरतो, तेपण लिहिलं. वाचून पाहिलं. चांगलं झालंय.

१६ फेब्रु., रवि.
सरांनी माझं वाचून दाखवलं. पूर्ण, चारही पानं. कोणी हसलं नाही. इन्स्पेक्टर खाली पाहत होता. सर म्हणाले, "याला म्हणतात निरीक्षण. नाव काढलं तरी माणूस समोर उभा राहतो." मग विचारलं, तुमचं नाव काय हो? मी सांगितलं. हजेरीवर लिहून घेतलं.
टेबलावर दोन गठ्ठे होते. एक परत द्यायचा, एक पाठवायचा. माझा कोणत्या गठ्ठ्यावर ठेवला ते मी पाहिलं.
बोललो नाही.
गाडीत उभा होतो तरी पाय दुखले नाहीत.

२४ फेब्रु.
लेबर साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझी चार पानं, माझं अक्षर. दुसऱ्या खुर्चीवर बस म्हणाले. बसलो. पंखा खरंच बरोबर डोक्यावर येतो.
"छान लिहितोस रे. कार्डिंगात आठ महिन्यांत एकही खाडा नाही असा एकच आहे, नाही का?"
मी म्हटलं, साहेब, कल्पनेने लिहिलं.
"खोकलापण?"
मग त्यांनी शांतपणे विचारलं. हे वर्गासाठी शोधताना आत्ता कळलं, का आठ महिने माहीत होतं? आत्ता कळलं असेल तर तू हुशार, खुर्ची तुझी. आधीपासून माहीत असेल तर दोनाऐवजी तीन नावं लिहावी लागतील.
मी म्हटलं, आत्ता कळलं.
चहा मागवला. प्यालो.

२५ फेब्रु.
गुलाब नंबर सांगायला आला. मी वर पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. त्याला काही समजलं नाही, बिल्ला घेतला, गेला आत. तासाभराने पहारेकऱ्यांनी आणला. बिल्ला दोऱ्याने गळ्यात बांधला, माझ्या खिडकीखाली उभा केला, सुट्टीपर्यंत. जाणारे विचारत होते, "काहो, तुमी श्रावण का गुलाब?" एकाने तोंड उघडून दात पाहिले, बैलाचे पाहतात तसे. सगळ्यात मोठ्याने मुकादम बोलत होता, "मले तं रोज श्रावणच वाटे!"
गुलाब एकदाही वर पाहून बोलला नाही. मी कागद करत होतो.
श्रावणभाऊला चार्जशीट. फसवणूक. चौकशीपर्यंत काम बंद. बक्षिसाची यादी फळ्यावरून काढली, टाचण्या तशाच आहेत.

२७ फेब्रु.
दोन दिवस जेवायला गेलो नाही. स्टेशनवर काहीबाही खाल्लं, झोपायला एका बदलीवाल्याकडे. आज वहिनी स्वतः खिडकीशी आली. मला वाटलं आता बोलेल. म्हणे, "जेवाले काहून नाई येत? तब्येत तं बरी हाय नं?"
त्यांना माहीत नाही अजून.
बरी आहे म्हटलं.

१ मार्च, रवि.
वर्गात सरांनी सांगितलं, गिरणीने पत्र पाठवलं, वर्गाचा उपयोग झाला म्हणून. टाळ्या. सुटल्यावर मी मागे राहिलो. म्हटलं सर, तो माणूस घरी बसला. तुम्ही गिरणीला कळवा ना, सगळं बनवलेलं होतं म्हणून.
सर चष्मा पुसत होते. "मी खोटं कळवू? आणि असं बघा, ते एक उदाहरण आहे. उदाहरणात माणूस शोधत बसलात तर शिकणं होणार नाही."
पंधरा दिवसांपूर्वी समोर उभा राहिला होता.

४ मार्च
चौकशीची पहिली बैठक. साहेबांनी माझी चार पानं श्रावणभाऊसमोर वाचायला घेतली. आधी साहेबांनी सांगितलं, 'आमच्या टाइम ऑफिसातील कारकुनाने', तर एवढ्यावरच त्याने हात वर केला म्हणे. समजलं, पुढचं राहू द्या म्हणाला. शिपायाने सांगितलं.
गुलाब रस्त्यात दिसला. मी रस्ता बदलला.

८ मार्च, रवि.
वर्गाला गेलो नाही. पॅसेंजर सुटेपर्यंत फलाटावर बसलो आणि मग त्यांच्या घरी गेलो. दुपार. तिघंही घरात. वहिनीने पाट टाकला, ताट वाढलं, नेहमीसारखं. बेसन भाकर. मी भाकर नुसती मोडत राहिलो.
मग गुलाब म्हणे, "चांगलं लिवलं म्हन्ते तू. आमाले वाचता येत नाई. वाच नं एकडाव."
मला वाटलं टोमणा आहे. होताच. पण श्रावणभाऊपण म्हणाला, वाच. कच्ची प्रत वहीत होती माझ्या.
वाचलं. चारही पानं. आवाज सरांसारखा लागत होता, तो बदलेना. वहिनी चुलीकडे तोंड करून बसली. भिंतीवाल्या जागी आलो तर श्रावणभाऊने थांबवलं.
"डाव्यानं नाई. डावा छातीवर असते. भित उजव्यानं धरतो मी."
"उजव्यानं," वहिनी तिकडूनच म्हणाली.
दुरुस्त करू का, असं तोंडातून जाणार होतं.
गुलाब म्हणे, "मास्तरनं कितवा नंबर देल्ला?"
पहिला, म्हटलं.
"बरं झालं. घरातला एक तरी पयला आला."
श्रावणभाऊ म्हणाला, "खरं लिवलं तू. पन एक राह्यलं. बिल्ला कोन देत होता थे नाई लिवलं."
ताट तसंच ठेवून उठलो. वहिनी म्हणाली, अन्न टाकू नको. परत बसलो. पूर्ण खाल्लं.

११ मार्च
युनियनचे एक म्हातारे पुढारी भेटले, फाटकाबाहेर. चिडले नाहीत, तेच जड गेलं. म्हणाले, टाइम ऑफिसला आठ महिने माहीत होतं एवढं तू चौकशीत सांग. मग फसवणूक राहत नाही, गिरणीला माहीत होतं असं होते. श्रावणचं नाव कटत नाही, आजारपणाची रजा मागता येते. कायदा आहे तसा.
मला सांगतात. १९ जानेवारीला उतरवून घेतलंय मी, अधोरेखित आहे.
तुझं मात्र जाईन, म्हणाले. ते अधोरेखित नाही, पण कळते.
संध्याकाळी साहेबांनी टाइप केलेला जबाब दाखवला. 'मला दि. ७ फेब्रुवारीपूर्वी काहीही माहीत नव्हते.' खाली सहीची जागा. दुसरी खुर्ची पुसून ठेवली होती. की मलाच तसं वाटलं.
विसरलो होतो, ती पानं गिरणीत जातात हे विसरलो होतो, असं इथं लिहून ठेवावं म्हणून पेन घेतलं. पण ही वही तर कोणी वाचत नाही. नाही विसरलो.

१२ मार्च
खिडकीत २१२ चा खिळा अजून रिकामा. बिल्ला चौकशीच्या कागदांसोबत लाखेने बंद आहे. २११ दिला, हात सवयीने पुढच्यावर गेला, खिळा लागला. थोडं रक्त.
ज्या बदलीवाल्याकडे झोपतो, त्याने विचारलं, कार्डिंगात जागा होईन का रे एक? तुह्या हातात हाय म्हन्ते. मी उठून बाहेर गेलो.
मायला पत्र लिहायला घेतलं. 'तुझा पोरगा' च्या पुढं गेलं नाही.

१३ मार्च. चौकशीच्या खोलीबाहेर
बाकावर बसून लिहितो. आत मुकादमाचा जबाब चालू आहे. दाराला फट आहे, त्याचा आवाज येतो, देवाशपथ साहेब, देवाशपथ. त्याच्यानंतर मी.
टाइप केलेला कागद खिशात. सही केली नाही अजून. साहेब म्हणाले, आत समोरच कर.
बाकाच्या त्या टोकाला श्रावणभाऊ. धुतलेला सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत. ऊन इकडे माझ्यावर येतं, तर तो सरकला, मला सावलीत जागा केली. मी सरकलो नाही. मधे दोन माणसांची जागा तशीच.
खोकला आला. उजव्या हाताने बाकाची पाठ धरली. डावा छातीवर.
शांत झाला तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "किसन, काय सांगाचं थे सांग. पन लौकर सांग. मले बसवत नाई."
मुकादम बाहेर आला. शिपायाने नाव पुकारलं, माझं. पूर्ण नाव, बापाचं धरून.
वही मिटतो