सूर की शिरको

१४ मे
दुपारी उत्पादन शुल्कवाल्यांची जीप. मी लोणच्याला कैऱ्या चिरत होते. सरळ मागच्या पडवीत. मायच्या दोन बरण्या तिथे, माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा शिरको, स्वयंपाकातलं व्हिनेगर. जमादाराने एक झाकण काढलं, वास घेतला, तोंड फिरवलं. "गावठी दारू."
माय म्हणाली, "चाकान बघ रे बाबा. जीभ सोलान निघात."
"ड्युटीवर तोंडाला लावता येत नाही, आजी."
नमुन्याला एका बाटलीत थोडं काढलं, उरलेलं फणसाच्या मुळात ओतलं. रिकाम्या बरण्याही नेल्या. कागदावर मायचा अंगठा घेतला. तिला सही येते का, कुणी विचारलं नाही.

१५ मे
बस्त्यावचा फोन. भाऊ माझा, म्हापशाला बारमध्ये कामाला. "मायक सांग, कबूल कर म्हणान. दंड भर आणि सुट. कोर्टाच्या फेऱ्यो कोण मारतलो?" दिवसभर परवान्याची फेणी ओततो, त्याला काय.
मायने फोन ओढून घेतला. "जां मी करूक नाय, तां कबूल कसा करू?" ठेवून दिला. जेवली नाही.
कुणी कळवलं असेल? विचारू देत नाही. "उद्या तेच्याच बाजूक चर्चीत मिस्साक बसूचा आसा," म्हणते.

३ जून
कणकवलीला वकिलांकडे. विचारलं, शिरको ही दारू नव्हे, हे सिद्ध करायला काय लागतं? ते म्हणाले, "बाई, सिद्ध त्यांनी करायचंय. आपण नाही."
ऐकून बरं वाटलं. पण गावाला सिद्धबिद्ध काही लागत नाही.

१९ जून
शाळा सुरू. स्टाफरूममध्ये एक सर, "बाई, आमच्यासाठी एक बाटली राखा हां." सगळे हसले. मीसुद्धा. का हसले मी?

२७ जून
फणसाखालचं गवत करपलंय. पाऊस पडूनही तेवढाच तुकडा पिवळा. वकिलांना फोटो पाठवला. उत्तर: "दारूनेही करपतं."

१० ऑगस्ट
आमच्या चर्चच्या फेस्ताच्या, वार्षिक सणाच्या जेवणाला दरवर्षी मायचा शिरको. माझ्या लहानपणापासून. यंदा कमिटीने बाजारातून बाटल्या आणल्या. तिला सांगायलाही कुणी आलं नाही. जेवताना मायने सोरपोतेलचा, शिरक्यातल्या डुकराच्या मटणाचा, एक घास घेतला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "मेलो उगाच गेलो," म्हणाली. मेलो म्हणजे ताटातलं डुक्कर.

४ नोव्हेंबर
तपासणीचा अहवाल आला. नमुन्यात अल्कोहोल आहे. तीन वेळा वाचला. वकील म्हणाले, घरी नीट विचारा.
विचारलं. माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता, "असतला. मागच्या बरणीत नवी सूर होती. चार दिसांपूर्वीच भरललंय."
मी ओरडलेच. "आधी सांगूक काय झाला होता?"
"तू खंय विचारलंस? आणि सूर झाल्याशिवाय शिरको खंयसून येतलो? आंबता तेवा नशा असताच तेच्यात. मगे ती मरता, मगे शिरको. मी काय ती पिऊक भरलंय?"
नमुना पुढच्या बरणीतला की मागच्या? अहवालात नाही. पंचनाम्यातही नाही. वकील खूश. "यातच केस आहे." मला मात्र दिवसभर कसंतरी.

२२ फेब्रुवारी
कोर्टात नुसती तारीख पडली. मॅजिस्ट्रेट मॅडम रजेवर. रिक्षा, एसटी, रिक्षा. माय बाकावर बसून माळ ओढत होती.

१३ जुलै
पुन्हा पावसाळा. आज एकदाची जमादाराची साक्ष झाली. आमचे वकील,
"दारू हे कशावरून ओळखलंत?"
"वासावरून."
"चव घेतली?"
"नाही."
"शिरक्याचा वास कसा असतो?"
"आंबट."
"आणि याचा?"
तो सरकारी वकिलाकडे बघू लागला. मग म्हणाला, "आंबट... पण दारूसारखा."
नमुना कुठल्या बरणीतला? आठवत नाही. पंच म्हणून चहावाला होता, तो सरळ म्हणाला, सही ऑफिसात केली, बरण्या बघितल्याच नाहीत.
मला हसू यायला हवं होतं. राग आला. एवढ्याशा वासावर एक अख्खं वर्ष.

८ सप्टेंबर
मायला मॅडमनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? वकिलांनी पढवलं होतं, फक्त 'खोटं आहे' म्हणा. ही उभी राहिली. "एका बरणीत शिरको होतो. दुसऱ्या बरणीत सूर, तेचो शिरको होवचो होतो. दारू मी जन्मात विकूक नाय." मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग लिहून घेतलं.
बाहेर वकील कपाळाला हात लावून. "आजी, सरकारी वकिलाचं काम तुम्हीच केलंत."
"खरा बोलूक वकील कित्याक होयो?"
परत येताना एसटीत मी तिच्याशी बोलले नाही. माझा राग तिच्यावर नव्हता. पण निघाला तिच्यावरच.

६ ऑक्टोबर
निकाल. निर्दोष. वकिलांनी हात जोडले, बस्त्यावचा फोन, मला रडू. माय तशीच उभी.
"काय लिवल्यानी?"
सांगितलं, नमुना कुठल्या बरणीतला ते कळत नाही, म्हणून संशयाचा फायदा.
"संशय कोणाचो?"
"तुझ्यावरचो."
"म्हणजे संशय आसा."
"तसा नाय गो माय..."
"मगे दारू होती काय नाय होती?"
तसं काही लिहिलेलं नाही, म्हटलं. ती चपला घालू लागली.

९ ऑक्टोबर
मिस्सा सुटल्यावर एक बाई मायचा हात धरून, "सुटलंस मां गो? बरा झाला." माय म्हणाली, "सुटतत ते चोर." हात काढून घेतला.
वकिलांना फोन केला. निकालात 'शिरको होता' असं लिहून मिळेल का? ते थकल्यासारखे, "बाई, सुटलेल्या माणसाला अपील नसतं. आता विसरा."
तिला सांगितलं. तिने ऐकलं.

११ ऑक्टोबर
संध्याकाळी मायने पेटीतली लग्नाकार्याची साडी काढून दोरीवर टाकली. उद्या कोर्टात जाते म्हणाली, एकटी. मॅडमक विचारतंय, दारू होती काय नाय होती, इतक्याच. आत सोडणार नाहीत, मी सांगितलं. "मगे भायर बसान रवतंय."
उद्या शाळेत तपासणी आहे. तिच्याबरोबर जायचं, की तिला स्टँडवरूनच परत आणायचं? अजून काही ठरवलं नाही. ती साडीला इस्त्री करतेय.