शैलाच्या अंगावरचा स्वेटर

४ जाने., शनि.
मंजूनं सातवीच्या वर्गाचा फोटो स्कॅन करून पाठवला. १९ला सगळ्या पन्नास वर्षांनी भेटतोय, त्याआधी रंगवून हवा. "रिटायर झाल्यावर तो फोटोशॉपचा कोर्स केलास ना? मग होऊ दे उपयोग." मंजू वर्गाची मॉनिटर होती. अजून आहे.
बत्तीस मुली, दोन बाई. रिबिनी लाल, स्कर्ट निळे, शर्ट पांढरे. सोपं आहे. दुसऱ्या रांगेत चौथी शैला. तिच्यापाशी थांबले नाही.

६ जाने., सोम.
आपोआप रंग भरून बघितले. सगळ्यांचे चेहरे चहासारखे. रद्द. आता एकेक लेअर हातानंच.
ह्यांनी मागून डोकावलं. "या एकटीनंच स्वेटर का घातलाय?"
म्हटलं, थंडी असेल.
"बाकीच्यांना नव्हती वाटतं."

७ जाने.
सगळ्या झाल्या, शैला सोडून. रंगीत वर्गात ती एकटी राखाडी, आणि बघतेय माझ्याकडेच. फोटोग्राफरकडे बघत असणार, कळतं मला. तरी लॅपटॉप मिटून भाजी चिरायला घेतली.
रंग पाठ आहे. गडद हिरवा, गळ्याशी पांढरी वेल. आईनं विणलेला. माझा.

९ जाने., गुरु.
लिहूनच टाकते.
फोटोच्या दिवशी सकाळी शैलाचा शर्ट खांद्याशी काळ्या दोऱ्यानं शिवलेला होता. मुली हसल्या. मी स्वेटर काढून दिला. "हा घाल, दिसणार नाही." ती परत द्यायला आली तर म्हटलं, राहू दे. घरी सांगितलं, हरवला.
महिन्यानं फोटो आला. आईनं वेलीवरून ओळखला. "हा तिच्या अंगावर कसा?"
मी म्हणाले, तिनं घेतला असेल. चोरला म्हणाले नाही. इतकी वर्षं त्या एका शब्दाला धरून...
दुसऱ्या दिवशी आई शाळेत. बाईंनी शैलाला वर्गासमोर स्वेटर काढायला लावला. "विद्या, तू दिला होतास?" मी मान हलवली. नाही अशी.
शैला पुन्हा शाळेत आली नाही. स्वेटर धुऊन आईनं मलाच घातला. दोन हिवाळे.

१० जाने.
मंजूला शैला सापडली. धायरीत असते, नातवंडं आहेत. "तिच्याकडे हा फोटोच नाही गं. नंबर देते, तूच पाठव."
काळा-पांढराच पाठवला. दुपारी फोन.
"विद्या ना? आवाज तोच हाय तुझा."
सांगितलं, रंग भरतेय. तिनं विचारलं, "त्यातनं स्वेटर काढता येतो का?"
"येतो. पण आतलं काही दिसत नाही, मनानंच दाखवावं लागेल."
"मग काढ."
"शैला, तेव्हा मी..."
"ते मला काय सांगतेस? मी होते की तिथं."

१२ जाने., रवि.
काढतेय. आधी डावी बाही पुसली आणि हात थांबला. बाईंच्या टेबलापाशी तिनंही डावीच आधी काढली होती. आजवर हे आठवलं नव्हतं. की आत्ता मीच तयार केलं?
शेजारच्या मुलीचा शर्ट उचलून तिला बसवला. पांढराशुभ्र, सावल्यांसकट. बरा दिसतोय. तिला पाठवला.

१३ जाने.
शैलाचा फोन. "टाके कुठं गेले?"
मला पटकन कळलंच नाही.
"आईनं घातलेले. पांढरा दोरा नव्हता घरात. झाकायला तूच सांगितलं होतंस, आता दाखव."
घालते म्हटलं.
"आणि बाकीच्यांना काय सांगणार, स्वेटर कुठं गेला?"
उत्तर यायच्या आत तिनं फोन ठेवला.

१४ जाने., संक्रांत.
सकाळपासून टाके. अगदी बारीक ब्रश, काळा रंग. सरळ रेघेत घातले तर मशीनची शिवण वाटते. वाकडे घातले तर तिच्या आईला शिवता येत नव्हतं असं वाटतं. चार वेळा पुसले. हळदीकुंकवाला गेले नाही.
ह्यांना सगळं सांगितलं. चष्मा पुसत राहिले. "तुझ्या आईंना कळलं होतं कधी?" नाही. "बरं." एवढंच.

१६ जाने., गुरु.
मोठी प्रिंट आली. मंजू बघायला आली. रंगांचं कौतुक झालं, मग चष्म्याआडून, "हिच्या अंगावर स्वेटर होता की गं. आणि हे काळं काय?"
म्हटलं, रविवारी सगळ्यांनाच सांगते. शैला येतेय ना?
"नक्की नाही. विद्या काय बोलणार ते आधी कळव म्हणाली. म्हणजे काय?"
चहा टाकायला उठले.

१८ जाने., शनि.
मंजूचा फोन. उद्याच्या कार्यक्रमाचा कागद टाइप करत होती.
"पाच मिनिटं तुझी. विषय काय लिहू? फोटोला रंग कसे भरले?"
"शैला, असं लिही."
"अगं, विषय विचारतेय. नाव नाही."
"तोच विषय आहे. मी खोटं बोलले होते, तो. शैलालाही तसंच कळव."
मंजू म्हणाली, "पाच मिनिटं पुरतील?"