जाळलेल्या नऊ पेट्या

सोमवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. यांचा खोकला बरा झालाय, खोकल्याबद्दलची तक्रार तेवढी चालू आहे. तुझ्या गुडघ्याचं काय? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढशील, म्हणून काही म्हणत नाही.

पत्र बघून चक्रावशील. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

दोन महिने मी तुला टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कारण सांगते. ऑगस्टमध्ये माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांतल्या अळ्या सडायला लागल्या. पोळ्याच्या घरांत काडी घालून बाहेर ओढली, तर तपकिरी चिकट तार सुटली. घाबरून तुला बोलावलं. तू बघितलंस आणि म्हणालीस, "बाकी सगळे नियम वाकव, पण हा नाही. रोगट पेट्या जाळायच्या."

मी निमूट ऐकलं. कारण नियम वाकवायला तूच शिकवलंस ना! पुस्तक म्हणतं दर आठवड्याला पेटी उघडा; तू म्हणायचीस, "कशाला? दारातली ये-जा बघ, तेवढं पुरे." पुस्तक म्हणतं साखरेचं पाणी द्या, तू म्हणायचीस, "आधी बाहेर फुलं आहेत का ते बघ." अशी बाई एखादा नियम पाळ म्हणते, तेव्हा तो पाळायचाच असतो.

संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर खड्ड्यात पेट्या रचल्या. पेट्रोल मी ओतलं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस.

ताई, तुला वाटतं दहाही जाळल्या. अंधारात तू मोजल्या नाहीस; नऊच जाळल्या. एक मी सकाळीच कोठीच्या मागे लपवली होती. नंतर तिच्यातल्या माश्या झटकून पोळं बांधायच्या कोऱ्या चौकटींवर घेतल्या, जुन्या चौकटी जाळल्या. तुझ्याशी खोटं बोलले म्हणून घास गोड लागेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शेवटी गेल्या बुधवारी कबुली द्यायला तुझ्याकडे आले. तू बाजारात गेली होतीस. भावोजी म्हणाले, "बस मागे, माश्यांशी गप्पा मार."

मी तुझी एक पेटी उघडली. सगळ्या चौकटी नव्या कोऱ्या. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. भावोजींना विचारलं, तर म्हणाले, "अगं, जूनमध्येच बदलल्या. तोच तो रोग. माश्या झटकून नव्यावर घेतल्या तिने. दहा दिवस धड झोपली नाही. तुला बोलली नाही?"

नाही बोलली.

जूनमध्ये तुझ्याकडे रोग आला, आणि जुलैत तू माझ्या दारात वीस जुन्या चौकटी घेऊन उभी! "तयार पोळी आहेत, तुझ्या माश्यांची मेहनत वाचेल." मी तुला मिठी मारली होती गं. म्हणशील, त्या निरोग्या पेट्यांतल्या होत्या. असतीलही. मग सांगितलं का नाहीस? ऑगस्टमध्ये माझी काडी बघून तुझा चेहरा पडला होता. मला वाटलं, माझ्यासाठीच. आता कळतं. जळलेल्या पेटीत कोणाच्या चौकटी होत्या, हे कोण विचारणार? स्वतःच्या पेट्या वाचवल्यास आणि माझ्या मात्र मलाच पेटवायला लावल्यास. केसाने गळा कापलास, ताई.

तू नियम वाकवलास याचा मला राग नाही. मीही वाकवला, आणि ती माझी पेटी आज जोरात आहे. पण जो वाकवतो त्याने इतरांना सांगावं, आपल्या घरातली चौकट दुसऱ्याच्या घरी पाठवू नये, आणि रोज काडी घालून बघावं. मी रोज बघते. तू वाटत सुटलीस. भावोजी कौतुकाने सांगत होते की तुझ्या रविवारच्या वर्गातल्या चौघांनीही तुझ्याकडून चौकटी नेल्यात. त्यातली ती निवृत्त नर्स तर पहिलीच पेटी लावतेय म्हणे.

शनिवारी मी माश्यांचे रोग बघणाऱ्या सरकारी तपासनिसांना कळवलं. गुरुवारी सकाळी ते आधी माझ्याकडे येतील. लपवलेली पेटी मी स्वतः उघडून दाखवणार. जाळा म्हणाले तर जाळणार. मग त्यांना घेऊन तुझ्या फाटकाशी येणार.

हे पत्र तुला उद्या मिळेल. म्हणजे बुधवारचा अख्खा दिवस तुझ्या हातात आहे. त्या चौघांना तू स्वतः फोन कर. तपासनिसांच्या तोंडून कळलं, तर ते तुला परत बाई म्हणणार नाहीत. मला मात्र फोन करू नकोस. तू रडशील, मी विरघळेन, आणि गुरुवारी फाटक उघडणार नाही.

अजूनही ताईच म्हणणारी, पण या वेळी तुझं न ऐकणारी,
तुझी धाकटी